घाटात धापा टाकणारी जिप्सी : कार्ब्युरेटर आणि इनटेक मॅनिफोल्डच्या कामाचा एक प्रकरण अभ्यास

१९९८ सालची एक मारुती जिप्सी किंग पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पुण्यातील गॅरेजमध्ये आली. मालकांनी येतानाच निर्णय घेतलेला होता. मूळ कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) काढून त्या जागी ३२/३६ वेबर हा दुसऱ्या बनावटीचा कार्ब्युरेटर बसवायचा आणि जमल्यास इनटेक मॅनिफोल्डही (ते मिश्रण चार सिलिंडरांना वाटून देणाऱ्या नळ्या) बदलायचे, एवढेच काम त्यांना आमच्याकडून हवे होते. तक्रारी नेहमीच्याच होत्या. सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होते, स्लोवर (पेडल न दाबता) टिकत नाही, रेस देताच एक झटका खाऊन मग पळते, घाटात दुसऱ्या गिअरलाही धापा टाकते, चढावर तिरकी उभी राहिली की बंद पडते आणि एका लिटरमध्ये जेमतेम आठ किलोमीटर जाते. त्यात पीयूसी केंद्राने गाडी दोन वेळा नापास केली होती. तोपर्यंत दोन गॅरेजमध्ये मिळून तीन वेळा कार्ब्युरेटर साफ झाला होता आणि एकदा त्याचे किटही बदलले होते.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचे कारण असे की, त्यात वेबर अखेर बसला आणि त्याचा उपयोगही झाला. परंतु तो बसवण्यापूर्वी जे सापडले, त्यानेच गाडीचे अर्धे दुखणे दूर केले. हे दोन भाग वेगळे मोजता आले, कारण आम्ही दोन्ही कामे एकाच दिवशी केली नाहीत.

गाडी आणि तिचे इंजिन

भारतात जिप्सी १९८५ मध्ये एमजी४१० या नावाने आली. तिच्यात ९७० सीसीचे एफ१०ए इंजिन होते. १९९६ मध्ये जिप्सी किंग आली आणि तिला १२९८ सीसीचे, आठ व्हॉल्व्हचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे जी१३बीए हे इंजिन मिळाले. २००० च्या सुमारास एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पद्धत) आणि सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आल्यावर कार्ब्युरेटरचा काळ संपला. त्यामुळे कार्ब्युरेटरची जिप्सी किंग ही जेमतेम चारेक वर्षांतली गाडी आहे, आणि आज तिच्या कार्ब्युरेटरचे चांगले सुटे भाग मिळवणे हेच मोठे काम होऊन बसले आहे.

या गाडीवरचा मूळ कार्ब्युरेटर दोन बॅरलचा, म्हणजे हवेच्या दोन नळ्यांचा होता. त्यातली पहिली बॅरल पेडलच्या तारेने उघडते, तर दुसरी इंजिनाची ओढ वाढल्यावर व्हॅक्यूमच्या डायफ्रामने (पातळ पडद्याने) आपोआप उघडते. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचे असून त्याच्या तळातून इंजिनाचे गरम पाणी फिरते. हे पाणी तिथे का फिरवले आहे, याचा पुढे संबंध येणार आहे, म्हणून इथेच नोंदवतो.

कार्ब्युरेटर उघडण्याआधीची तपासणी

आमच्याकडे एक नियम आहे. कार्ब्युरेटरची तक्रार आली की त्याला सर्वात शेवटी हात लावायचा. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), मग पेट्रोलचा दाब, आणि त्यानंतर व्हॅक्यूम, म्हणजे मॅनिफोल्डमधली हवेची ओढ. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन १२.५ ते १२.८ किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) दरम्यान आले. नव्या इंजिनाएवढे नाही, पण वयाच्या मानाने उत्तम आणि मुख्य म्हणजे एकसारखे. टायमिंग थोडे मागे होते, ते जागेवर आणले. व्हॅक्यूम गेज मात्र स्लोवर पाऱ्याच्या साडेतेरा इंचावर थरथरत राहिला. समुद्रसपाटीवर चांगले इंजिन १७ ते २१ इंच दाखवते. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे दोनेक इंच कमी धरावे लागतात. ते धरूनही साडेतेरा हा आकडा फार खालचा होता.

प्लग काढल्यावर चित्र स्पष्ट होऊ लागले. पहिले तीन प्लग चुलीच्या तव्यासारखे काळे, कोरड्या काजळीने भरलेले होते. चौथ्या प्लगचा चिनी मातीचा भाग मात्र पांढराफटक होता आणि टोकाशी बारीक पुळ्या आल्या होत्या. एकाच कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या चार सिलिंडरांपैकी तीन पेट्रोलने गुदमरलेले आणि एक पेट्रोलवाचून भाजलेला असेल, तर दोष कार्ब्युरेटरच्या पुढे, म्हणजे हवा चार वाटांना फुटते त्यानंतर कुठेतरी असला पाहिजे. आमचे जुने मिस्त्री प्लग हातात धरून मालकांना म्हणाले, "दादा, कार्ब्युरेटरचं पोट साफ आहे. चार नंबर बाहेरून हवा ओढतोय. तुम्ही त्याचं औषध बाकी तिघांना पाजताय."

ते अगदी खरे निघाले. स्मोक टेस्ट लावली, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये धूर सोडला, तेव्हा चौथ्या वाटेच्या फ्लँजच्या (हेडला टेकणाऱ्या सपाट तोंडाच्या) खालच्या कडेने धुराची बारीक रेघ बाहेर पडू लागली, आणि ब्रेक बूस्टरच्या नळीच्या क्लिपपाशी आणखी एक. हवा आत शिरत असल्यामुळे स्लोचे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होत होते. ते टिकवण्यासाठी आधीच्या कारागिरांनी मिश्रणाचा स्क्रू पार बाहेर काढला होता. त्यामुळे ज्या सिलिंडरांना काहीच झाले नव्हते, त्यांना गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळत होते. पीयूसीमध्ये कार्बन मोनॉक्साइड ४.१ टक्के येण्याचे कारणही हेच. बीएस-२ (भारत स्टेज-२) या प्रदूषण मानकापूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला ३ टक्क्यांची मर्यादा आहे. पातळपणाच्या तक्रारी करणारी गाडी पीयूसीत मात्र जाड (जास्त पेट्रोलच्या) मिश्रणासाठी नापास होते, हा विरोधाभास दिसला की मॅनिफोल्डच्या गॅस्केटकडे पाहावे.

मॅनिफोल्ड उतरवल्यावर मागच्या टोकाच्या एका स्टडचा हेडमधील आटा मेलेला आढळला. कधीतरी गरजेपेक्षा जास्त कसल्यामुळे तो गेला असणार. मग पकड येईना म्हणून गॅस्केटवर साधे सिलिकॉन थापलेले होते. पेट्रोलपुढे हे सिलिकॉन टिकत नाही. त्याच्या फुगलेल्या, जेलीसारख्या पट्ट्या चौथ्या वाटेत आतल्या बाजूला लोंबत होत्या. सरळपट्टी आणि फीलर गेज लावून पाहिले तर फ्लँज मागच्या टोकाला ०.२२ मिलिमीटर वाकलेली होती. ०.१० च्या पुढे वाकलेल्या फ्लँजला नवे गॅस्केट लावून काही उपयोग नसतो. शिवाय पाण्याच्या वाटेच्या तोंडाशी ॲल्युमिनियम खाऊन खड्डे पडले होते.

मॅनिफोल्ड बदलायचे की दुरुस्त करायचे

मालकांच्या मनात एमपीएफआय गाडीचे मॅनिफोल्ड होते. ते त्या सोळा व्हॉल्व्हच्या हेडसाठी बनलेले आहे. आपल्या आठ व्हॉल्व्हच्या हेडवर ते बसत नाही. त्या वाटेने जायचे तर हेड, वायरिंग, पेट्रोलचा पंप आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) असे सगळेच बदलावे लागते, आणि संपूर्ण इंजिन बदलायचे झाल्यास मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. तो स्वतंत्र प्रकल्प आहे. दुसरा पर्याय पाइप वाकवून, वेल्डिंग करून मोठ्या वाटांचे नवे मॅनिफोल्ड तयार करण्याचा होता. तो आम्ही नाकारला, आणि त्याची कारणे थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

१२९८ सीसीचे चार स्ट्रोकचे इंजिन ६००० फेऱ्यांवर मिनिटाला फार तर ३९०० लिटर हवा ओढू शकते, आणि प्रत्यक्षात त्याच्या ८० ते ८५ टक्केच ओढते, म्हणजे साधारण ३२०० लिटर. खडकाळ चढावर, ट्रान्सफर केसच्या लो रेंजमध्ये (फोर-व्हील ड्राइव्हच्या सर्वात सावकाश गिअरमध्ये) हेच इंजिन १५०० फेऱ्यांवर चालते, तेव्हा मिनिटाला ८०० लिटरही हवा लागत नाही. डोंगरातल्या गाडीचे आयुष्य या खालच्या टोकाला जाते. वाटा रुंद केल्या की या थोड्या हवेचा वेग पडतो, पेट्रोलचे थेंब हवेबरोबर न वाहता भिंतींवर बसतात आणि पेडल दाबल्यावर गाडी प्रथम अडखळते. रुंद वाटांचा फायदा ५००० फेऱ्यांच्या वर मिळेल, पण या मालकांची गाडी तिथे वर्षातून किती वेळा जाते, हे विचारल्यावर त्यांनी स्वतःच मान हलवली.

तळातल्या गरम पाण्याचेही तसेच आहे. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते आणि मॅनिफोल्ड थंडगार पडते. थंड हवा म्हणजे जास्त ताकद, या समजुतीने पाण्याच्या नळ्या बंद करून टाकण्याची पद्धत बरीच रूढ आहे. इंजेक्टर थेट व्हॉल्व्हपाशी पेट्रोल फवारतो तेथे ती चालून जाते. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलला हातभर लांब ओल्या नळीतून जायचे असते, आणि डिसेंबरच्या पहाटे पाचगणीत तळ गरम नसेल तर इंजिन वीस मिनिटे कुरकुरत राहते. म्हणून पाण्याची वाट ठेवायची, एवढेच नव्हे तर नीट दुरुस्त करायची, असे ठरले.

काम असे झाले. खाल्लेल्या तोंडावर आर्गन वेल्डिंगने ॲल्युमिनियम भरले, मग फ्लँज मिलिंगवर चढवून ०.२५ मिलिमीटर उतरवली. या इंजिनात इनटेक एका बाजूला आणि एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूला असल्याने एवढा धातू काढल्याने कशालाही बाधा येत नाही. पाण्याची वाट दोन्हीकडून बंद करून आत हवेचा दाब दिला आणि मॅनिफोल्ड पाण्याच्या टाकीत बुडवून पाहिले; एकही बुडबुडा आला नाही. मेलेल्या आट्याच्या जागी हेलिकॉइल (नवा आटा देणारी तारेची गुंडाळी) बसवली. वाटांच्या तोंडांवर निळा रंग लावून, गॅस्केट ठेवून सुईने रेघ मारली, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत ओतकामाची दीड मिलिमीटरची कडा आत आलेली दिसली. ती कडा ग्राइंडरने काढली, पण आतून आरशासारखे पॉलिश केले नाही. थोडा खरखरीत पृष्ठभाग भिंतीवरचे पेट्रोल पुन्हा हवेत उचलायला मदत करतो. मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या तोंडापेक्षा किंचित लहान राहिले तर चालते. ते मोठे झाले तर प्रवाहाच्या वाटेत हेडची कडा आडवी उभी राहते. म्हणून हात आवरता घेतला.

कोरडे गॅस्केट लावून, मधून बाहेरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत २३ न्यूटन-मीटरवर नट कसले. सिलिकॉनचा एक थेंबही वापरला नाही.

जुनाच कार्ब्युरेटर परत बसवून, मिश्रणाचा स्क्रू जागेवर आणून गाडी सुरू केली तेव्हा व्हॅक्यूम १७ इंचावर स्थिर उभा राहिला. मालकांना गाडी तशीच महिनाभर चालवायला सांगितले. ते थोडे नाराज झाले, कारण वेबरचा खोका त्यांच्या मागच्या सीटवरच होता. सुमारे ६०० किलोमीटरनंतर सरासरी ८.१ वरून ९.६ किलोमीटरवर आली होती. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० हा वेग गाठायला आधी १२.८ सेकंद लागत, ते ११.६ झाले. पीयूसी पास झाली. मॅनिफोल्डच्या कामाला वेबरच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाइतकाही खर्च आला नव्हता.

मग वेबर कशासाठी

इतके झाल्यावर नवा कार्ब्युरेटर कशाला, हा प्रश्न रास्त आहे, आणि आम्ही तो मालकांपुढे ठेवला होता. परंतु जुन्या कार्ब्युरेटरमध्ये दोन दोष उरले होते. थ्रॉटलचा (पेडलने उघडणाऱ्या हवेच्या झडपेचा) दांडा बॉडीतल्या भोकात बोटाने हलत होता, म्हणजे तिथूनही हवा ओढली जात होती आणि स्लो कधी ८०० तर कधी ११०० वर थांबत होता. शिवाय दुसऱ्या बॅरलचा डायफ्राम फाटलेला होता. ती बॅरल उघडतच नव्हती, आणि घाटातल्या धापांचे उरलेले कारण तेच होते. बॉडीला नवे बुश घालता आले असते, पण डायफ्राम मिळेना. दोन ठिकाणांहून आणलेले डायफ्राम मापात बसले नाहीत. तेव्हा वेबर बसवणे योग्य ठरले.

३२/३६ वेबरमध्ये थ्रॉटलपाशी पहिली बॅरल ३२ आणि दुसरी ३६ मिलिमीटरची असते. आतल्या गळ्यांचे (जिथे बॅरल अरुंद होते त्या भागांचे) माप मात्र सुमारे २६ आणि २७ मिलिमीटर असते. या इंजिनाला तो भरपूर पुरतो, किंबहुना थोडा मोठाच आहे. मूळ कार्ब्युरेटरपेक्षा त्याचा एक स्वभाव वेगळा आहे आणि तो चालवणाऱ्याने समजून घ्यायला हवा. त्याची दुसरी बॅरल व्हॅक्यूमने नव्हे, तर दांडीने उघडते. पहिली बॅरल साधारण दोन तृतीयांश उघडली की दुसरी उघडू लागते, मग इंजिन तयार असो वा नसो. १५०० फेऱ्यांवर फक्त पहिली बॅरल उघडी असताना तिच्या गळ्यातून हवा सेकंदाला सुमारे २४ मीटरने जाते. त्याच फेऱ्यांवर पेडल तळाला टेकवले की दोन्ही गळे उघडतात आणि वेग १२ मीटरवर येतो. पेट्रोल ओढणारी शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती चौथ्या हिश्शावर येते आणि इंजिन गप्पकन बसते. त्यामुळे लो रेंजमध्ये पेडल अर्ध्याच्या वर न दाबण्याची सवय मालकांना लावून घ्यावी लागली.

मूळ मॅनिफोल्डच्या तोंडावर वेबर थेट बसत नाही. मध्ये दोन तुकड्यांचा ॲल्युमिनियम ॲडॉप्टर लागतो. ॲडॉप्टरची भोके आणि मॅनिफोल्डचे तोंड यांच्यात एका बाजूला जवळपास तीन मिलिमीटरची पायरी राहत होती. मॅनिफोल्ड पुन्हा उतरवून ती उतरती करून घेतली. गाडीवरच, वाटांमध्ये कापड कोंबून हे काम करण्याचा मोह टाळावा, कारण ॲल्युमिनियमचा एक कणही व्हॉल्व्हच्या सीटवर बसला तर कॉम्प्रेशन जाते. ॲडॉप्टरच्या खालच्या तुकड्याचे स्क्रू वरचा तुकडा बसला की झाकले जातात आणि नंतर ते ढिले झाल्याचे बाहेरून कळत नाही. म्हणून त्यांना थ्रेडलॉक लावला. सोबत आलेली कॉर्कची पॅकिंग बाजूला ठेवून जाड, पेट्रोलला टिकणाऱ्या शीटमधून नवी पॅकिंग कापली, आणि इंजिनाची उष्णता वर चढू नये म्हणून ६ मिलिमीटरचा बेकेलाइटचा स्पेसर मध्ये दिला.

आता उंची वाढली होती, आणि बॉनेट लागेल का ही शंका होती. आमच्या पोऱ्याने डब्यातून कणकेचा गोळा आणला, तो कार्ब्युरेटरच्या सर्वात उंच भागावर ठेवला, बॉनेट हलके बंद करून पुन्हा उघडले आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजली. १४ मिलिमीटर जागा शिल्लक होती.

बाजारात मिळणारा चकचकीत उघडा फिल्टर बहुतेक गाड्यांवर दिसतो. आम्ही तो लावला नाही. उघडा फिल्टर रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो, ओढ्यातून जाताना पाण्याचे शिंतोडे घेतो, आणि कोकणातली लाल माती किंवा मे महिन्यातला मावळातला फुफाटा काही दिवसांत पोटात घालतो. पिस्टन रिंगांची झीज ही पिकअपच्या आकड्यात दिसत नाही, पण गाडीचे आयुष्य तीच ठरवते. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून कार्ब्युरेटरवर बसणारी १२ मिलिमीटर उंचीची चपटी टोपी करून घेतली आणि मोठ्या नळीने ती मूळ फिल्टरच्या डब्याला जोडली. नळी जाड ठेवली, वळणे मोकळी ठेवली. या संपूर्ण कामात माझ्या मते सर्वात उपयोगी पडलेली वस्तू हीच टोपी आहे.

जेट, उंची आणि ई-२० पेट्रोल

सायलेन्सरच्या पाइपवर वाइडबँड लॅम्डा सेन्सर (धुरावरून मिश्रण मोजणारे साधन) बसवून मगच जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोके, ठरवले. आजच्या पेट्रोलसाठी हे अत्यंत आवश्यक आहे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या ई-२० ला साधारण १३.५ पट पुरते. म्हणजे जुन्या पेट्रोलसाठी ठरवलेला जेट ई-२० वर आठेक टक्के कमी पेट्रोल देतो, आणि इंजिन काहीही न बिघडता पातळ चालते. लॅम्डाचा आकडा मात्र पेट्रोल कोणतेही असले तरी १.०० लाच योग्य मिश्रण दाखवतो; त्याच्या वर पातळ, खाली जाड.

वेबरच्या जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचे शंभरावे भाग. किटमध्ये पहिल्या बॅरलला १३५ आणि दुसरीला १४० चा मेन जेट होता. साठच्या सरळ वेगाला लॅम्डा १.०७ आला. १३५ चा १४० केला की भोकाचे क्षेत्रफळ साडेसात टक्क्यांनी वाढते, आणि आकडा बरोबर तेवढाच उतरून ०.९९ वर स्थिरावला. पूर्ण पेडलवर मात्र तो ०.८४ होता, म्हणजे जास्तच जाड. दुसऱ्या बॅरलचा जेट १४० वरून १३५ केल्यावर ०.८७ झाला.

रेस देतानाचा झटका अजून थोडा उरला होता. अशा वेळी सगळे ॲक्सिलरेटर पंपाला दोष देतात. आम्ही वरून टॉर्च मारून पाहिले. पेडल हलताच पेट्रोलची धार ताबडतोब आणि सरळ पडत होती. दोष आयडल जेटमध्ये होता. थ्रॉटल नुकता उघडतो तेव्हा पेट्रोल बारीक भोकांतून आयडलच्याच वाटेने येते, मेन जेट अजून जागा झालेला नसतो. याची खूण अशी की, स्लो चांगला बसण्यासाठी मिश्रणाचा स्क्रू दोन फेऱ्यांपेक्षा जास्त उघडावा लागला, तर आयडल जेट लहान आहे. आमचा तीन फेऱ्यांवर होता. ५० चा जेट काढून ५५ चा घातला, स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर आला आणि झटका गेला.

त्यानंतर वाईवरून पसरणी घाट चढून महाबळेश्वरपर्यंत गेलो. साडेतेराशे मीटर उंचीवर हवेची घनता पुण्यापेक्षा सात-साडेसात टक्क्यांनी कमी असते, आणि कार्ब्युरेटरला ते कळत नसल्याने मिश्रण त्याच्या साधारण निम्म्याने जाड होते. पुण्यात ०.९९ असलेला आकडा वर ०.९५ झाला. एवढा फरक गाडीला जाणवत नाही, म्हणून उंचीसाठी जेट बदलले नाहीत.

तिरक्या चढावरचा प्रसंग

सर्वात गंभीर चूक आमच्याकडून इथे झाली. मुळशी भागातील एका खाजगी जागेवर गाडी जवळपास तीस अंशांच्या चढावर उभी केली, आणि मिनिटाभरात पेट्रोलचा उग्र वास आला, इंजिन गुदमरून बंद पडले. फिल्टरची टोपी काढली तर मधल्या नळीतून पेट्रोल थेंबाथेंबाने दोन्ही गळ्यांत गळत होते. स्वीच बंद करून, अग्निशामक हाताशी घेऊन दहा मिनिटे थांबलो.

कारण साधे भूमितीचे होते. आमच्या मांडणीत कार्ब्युरेटरमधली पेट्रोल साठवणारी वाटी पुढे आणि गळे मागे होते. वाटी आणि नळीचे तोंड यांत आडवे अंतर चार सेंटीमीटर धरले, तर तीस अंशांच्या चढावर नळीचे तोंड वाटीच्या पातळीच्या तुलनेत वीस मिलिमीटर खाली जाते. सपाटीवर ते पातळीच्या काही मिलिमीटरच वर असते. पेट्रोल आपोआप वाहणारच. त्यात इंजिनाचा यांत्रिक पंप साडेचार पीएसआय दाब देत होता आणि वेबरच्या नीडलला (वाटीत येणारे पेट्रोल अडवणाऱ्या सुईला) तीनच्या आतला दाब सोसतो. खडकांवर गाडी उडाली की नीडल उघडून वाटी आणखी भरत होती. पंपाचा दाब मी सुरुवातीलाच मोजला होता, तो कागदावर लिहिलेलाही होता, तरी दाब कमी करणारा रेग्युलेटर पहिल्याच दिवशी बसवला नाही.

अडीच पीएसआयवर लावलेला रेग्युलेटर बसवला, आणि पंपाकडून टाकीकडे जाणारी परतीची नळी तशीच ठेवली, कारण उन्हाळ्यात घाट चढताना तापलेल्या पेट्रोलची वाफ त्याच वाटेने परत जाते. वाटीतल्या प्लॅस्टिकच्या फ्लोटचे (तरंगणाऱ्या भागाचे) माप ३५ वरून ३७ मिलिमीटर करून वाटीतली पातळी खाली आणली, आणि स्प्रिंगवर दबणारी नीडल घातली. पातळी खाली आल्याने मेन जेट थोडा उशिरा जागा होतो. लॅम्डा पुन्हा पाहिला, फरक ०.०१ चा होता. त्याच चढावर आता गाडी पाच मिनिटे स्लोवर उभी राहते. चौतीस अंशांच्या पुढे ती अजूनही गुदमरते. चढ आणि डावीकडचा कल एकत्र आले तर त्याही आधी. वाटी समोर असलेल्या कार्ब्युरेटरची ती मर्यादा आहे, आणि मालकांना ती आकड्यासह लिहून दिली आहे.

किरकोळ दोन गोष्टी. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूम नळी वेबरच्या थ्रॉटलच्या वरच्या बाजूच्या नळीला जोडावी लागते; ती मॅनिफोल्डला जोडली तर स्लोवरच टायमिंग पुढे जाऊन बसते. आणि सुरुवातीला चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-तीन ठोके घेत होते. मूळ कार्ब्युरेटरवर पेट्रोल तोडणारा विजेचा व्हॉल्व्ह होता, या वेबरवर तो नाही. स्लो ९५० वरून ८०० वर आणला तसे ते थांबले.

आजची स्थिती

४२०० किलोमीटरनंतर गाडी पुन्हा तपासली. सरासरी १०.४ किलोमीटर, ४० ते ८० साठी १०.९ सेकंद, पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड १.४ टक्के. म्हणजे सरासरीत मिळालेल्या २.३ किलोमीटरांपैकी दीड किलोमीटर मॅनिफोल्डच्या दुरुस्तीने दिले आणि उरलेले वेबरने. पिकअपमध्येही मोठा वाटा मॅनिफोल्डचाच. चारही प्लग विटकरी-तपकिरी, एकसारखे होते. ॲडॉप्टर उघडून पाहिला. आतले स्क्रू जागेवर होते, पण वरच्या चार नटांपैकी एक पाव फेरी ढिला झाला होता. पंपाकडची जुनी रबरी नळी इथेनॉलमुळे बोटांना चिकट लागत होती, ती ई-२० ला टिकणाऱ्या नळीने बदलली. पुढची तपासणी पावसाळा संपल्यावर आहे, आणि तेव्हा मालक जुना कार्ब्युरेटरही घेऊन येणार आहेत. त्यांना मापाचा डायफ्राम अखेर एका मोडीत काढलेल्या गाडीतून मिळाला आहे, आणि थ्रॉटलच्या दांड्याला बुश घालून तो कार्ब्युरेटरही आम्ही उभा करणार आहोत.